दोघंही नोकरीला: घरकाम आणि मुलाची देखभाल सोपवायची कशी

बायकोची बाळंतपणाची रजा संपायला तीन आठवडे उरले, तेव्हा आम्ही मुलीला सांभाळायला माणूस शोधू लागलो. जे मिळालं ते घाईत मिळालं आणि दीड महिन्यात मोडलं. नंतरच्या चार वर्षांत तीन वेगवेगळ्या ताईंनी मुलीला सांभाळलं, मधले आठ महिने ती पाळणाघरात होती, आणि धुणं-भांडी, केर-फरशी, स्वयंपाक यांची वाटणी आम्ही चार वेळा तरी नव्याने मांडली. ज्यांच्या घरी आता हीच वेळ आली आहे त्यांच्यासाठी त्यातून हाती लागलेलं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काम दुसऱ्याच्या हाती देता येतं, पण त्या कामाकडे लक्ष ठेवणं घरातच उरतं. ते लक्ष नवरा-बायकोपैकी एकाच्याच डोक्यात राहिलं, तर कामाला कितीही माणसं ठेवा, त्या एकाची दमछाक संपत नाही. आमच्याकडे ती बायकोची होत होती, आणि मला ते दिसायला वर्ष लागलं.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा

माणूस शोधण्याआधी हे करा. घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी एक वही ठेवा. सात दिवस दोघांनीही घरासाठी केलेलं प्रत्येक काम त्यात लिहायचं, लागलेल्या मिनिटांसकट. हातांनी केलेली कामं सहज आठवतात. न दिसणारीही लिहा: लसीची तारीख लक्षात ठेवली, डायपर संपत आलेत हे पाहिलं, बाळाचे कपडे आखूड होत चाललेत हे ध्यानात आलं, उद्या ताई येणार नाहीत म्हणून कुणाला थांबता येईल याचा प्रवासात विचार केला.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात, पण गरज ओळखणं आणि नजर ठेवणं बहुतेक घरांत बाईकडेच असतं, असं त्यांना आढळलं. आमच्या वहीतही तेच निघालं. मी भांडी घासत होतो, कपडे वाळत घालत होतो, आणि काम निम्मं-निम्मं चाललंय असं मनापासून मानत होतो. बायकोच्या बाजूला ‘लक्षात ठेवलं’, ‘विचारलं’, ‘पाहून घेतलं’ अशा ओळी पानभर होत्या. माझ्या बाजूला दोन.

त्या पानावरून भांडू नका. ते पान म्हणजे तुमची कामाची यादी आहे, पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ती लागेल.

पायरी २: काय द्यायचं, काय ठेवायचं

यादीतल्या प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारा: हे कुणी केलं याने मुलाला फरक पडतो का? फरशी कुणी पुसली याने पडत नाही. रात्री कुशीत कोण घेतं याने पडतो. ज्याने पडत नाही ते द्यायच्या यादीत सगळ्यात वर.

हे सांगायला सोपं आहे, पण बहुतेक घरं उलट्या टोकाने सुरुवात करतात. आम्हीही केली. मुलीला दिवसभर सांभाळायला ताई ठेवल्या आणि बाकीचं घरकाम ‘आपण करू’ म्हणून स्वतःकडे ठेवलं. परिणाम असा की संध्याकाळी सातला आम्ही घरी यायचो आणि मुलगी जागी असायची त्या दीड तासात एकजण ओट्यापाशी, दुसरा कपड्यांच्या ढिगापाशी. दिवसभर तिच्यापासून दूर, आणि घरी आल्यावरही तिच्याकडे पाठ. केर-फरशी आणि धुणं-भांडी बाहेर दिल्यावर तो दीड तास परत मिळाला. पैसे मोजकेच असतील तर आधी ते तास मोकळे करा ज्या तासांत मूल जागं असतं आणि तुम्ही घरी असता.

‘आपल्याला जमतंय की, कशाला पैसे घालवायचे?’ हा आवाज प्रत्येक घरात कुणाचा तरी असतो. २०१७ मध्ये ॲशली विलन्स आणि सहकाऱ्यांनी चार देशांतल्या ६,००० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नावडत्या कामांतून वेळ सोडवून घेण्यासाठी पैसे खर्च करणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. त्यातल्या एका छोट्या प्रयोगात लोकांना एका शनिवार-रविवारी वस्तू घ्यायला आणि दुसऱ्या वेळी वेळ वाचवायला तेवढीच रक्कम दिली. वेळ विकत घेतला त्या दिवशी त्यांना जास्त बरं वाटलं. घरखर्चात ही ओळ घालताना मन खात असेल तर हे आठवा.

काही कामं माणसाला न देताही सुटतात: कपडे धुण्याचं आणि भांडी घासण्याचं यंत्र, घरपोच किराणा, आपोआप भरली जाणारी बिलं. काही कामं सोडूनच द्यायची असतात. इस्त्री आम्ही फक्त ऑफिसच्या कपड्यांपुरती ठेवली, चादरी तशाच घड्या घालून ठेवतो.

पायरी ३: हिशोब दोघांच्या पगारावर मांडा

बाईचा पगार एका बाजूला, मूल सांभाळण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला, आणि मग ‘फारसं काही उरत नाही, तर ती का नोकरी करते?’ हा हिशोब चुकीचा आहे. मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या मिळून येणाऱ्या रकमेतून वजा करायचा. शिवाय मूल पूर्णवेळ सांभाळावं लागण्याचा काळ काही वर्षांचा असतो. नोकरी सोडल्याने पगारवाढ, बढती, निवृत्तीसाठीची बचत यांत पडलेला खड्डा त्याच्या कितीतरी पुढे जातो. ज्याला कुणाला मनापासून घरी थांबायचं असेल त्याने जरूर थांबावं. चुकीच्या आकडेमोडीमुळे थांबू नये.

महिन्याच्या पगाराखेरीज हे खर्च धरा: ताईंची भरपगारी रजा, त्या दिवसांची बदली व्यवस्था, प्रवासखर्च, वर्षाची पगारवाढ, पाळणाघर असेल तर प्रवेशाची रक्कम आणि उशीर झाल्याचा दंड. तुमच्या स्वतःच्या बुडणाऱ्या रजाही धरा. या सगळ्यासाठी वर्षाला एक जादा महिन्याचा पगार बाजूला काढला की आमचं भागतं.

पायरी ४: मूल कुठे राहणार

घरी येणारी ताई, पाळणाघर, आजी-आजोबा, किंवा यांचं मिश्रण. ‘उत्तम’ असं यात काही नाही, तुमच्या कामाच्या वेळा आणि मुलाचं वय यावर ठरतं.

घरी ताई असतील तर मूल स्वतःच्या जागेत राहतं, झोपेच्या वेळा सांभाळल्या जातात, थोडी सर्दी झाली तरी दिवस कोलमडत नाही. उणी बाजू अशी की सगळा डोलारा एका माणसावर असतो आणि दिवसभर ते काम पाहणारं दुसरं कुणी नसतं.

पाळणाघरात माणसं जास्त असतात, एक आजारी पडली तरी दार उघडं असतं, आणि दीड-दोन वर्षांपुढच्या मुलाला सोबत मिळते. पण पहिले काही महिने मूल वरचेवर आजारी पडतं, आणि ताप आला की घरी न्यावंच लागतं. पाहायला जाल तेव्हा एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत हे मोजा. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी तीन-चार बाळांमागे एक माणूस, याहून विरळ व्यवस्था मला चालणार नाही. ठरवून एकदा जा आणि न सांगता एकदा जा, तेही दुपारी, झोपायच्या वेळी. भिंतीवरची चित्रं पाहण्यापेक्षा रडणाऱ्या मुलापाशी कुणी किती वेळात पोहोचतं ते पाहा. सांभाळणाऱ्या किती वर्षांपासून तिथे आहेत ते विचारा. जिथे माणसं सारखी बदलतात तिथे मुलाला दर दोन महिन्यांनी नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यावं लागतं. आई-बाबांना आत येऊच देत नाहीत अशी जागा असेल तर पुढे विचार करू नका.

आजी-आजोबांबद्दल एकच सांगतो: त्यांना विचारा, गृहीत धरू नका. ‘आठवड्यातले किती दिवस, किती तास जमेल, आणि कधी जमणार नाही?’ हे स्पष्ट विचारलं की त्यांनाही स्पष्ट सांगता येतं. रांगणाऱ्या मुलामागे नऊ तास धावणं साठीपुढच्या गुडघ्यांना झेपत नाही. घरात ताई आणि सोबत आजी, ही रचना आमच्याकडे सगळ्यात चांगली चालली. फक्त ताईंना सूचना कोण देणार ते आधी ठरवावं लागलं, नाहीतर त्या दोन मतांमध्ये अडकतात.

आणि मनातल्या अपराधी भावनेबद्दल. अमेरिकेत १९९१ पासून १,३०० हून अधिक मुलांचा जन्मापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. दिवसा मुलाला कोण सांभाळतं यापेक्षा घरातलं वातावरण आणि आई-वडिलांचं मुलाशी असलेलं नातं यांचा मुलाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. सांभाळणाऱ्याचा दर्जाही मोजला जातो, म्हणून तर पुढची पायरी इतकी सविस्तर आहे.

पायरी ५: माणूस शोधणं

निदान तीन महिने आधी लागा. ओळखीतून आलेलं नाव आणि संस्थेतून आलेलं नाव, दोन्हींची चौकशी सारखीच करा. संस्था ‘आम्ही पडताळणी केली आहे’ म्हणाली तर काय पडताळलं, त्याचे कागद मागा. आमच्या पहिल्या वेळी आम्ही त्या एका वाक्यावर विसंबलो. नंतर कळलं की पडताळणी म्हणजे ओळखपत्राची झेरॉक्स.

ओळखपत्र, पत्ता, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर, पोलीस पडताळणीची सोय असेल तिथे ती. आधीच्या घरी फोन कराल तेव्हा ‘कशा होत्या?’ विचारलं की ‘चांगल्या होत्या’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: किती काळ होत्या, का सोडलं, महिन्यात खाडे किती व्हायचे, आणि पुन्हा गरज पडली तर त्यांनाच ठेवाल का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराआधी किती वेळ शांतता जाते ते ऐका.

मुलाखतीत प्रसंग विचारा. ‘बाळ तासभर रडतंय, काही केल्या थांबत नाही. काय कराल?’ ‘मूल पलंगावरून पडलं. आधी काय?’ ‘दार वाजलं आणि कुणी म्हणालं, साहेबांनी पाठवलंय. उघडाल?’ चूक उत्तर शिकवता येतं. ‘मला सगळं येतं, सांगायची गरज नाही’ हे उत्तर मला घाबरवतं. बोलता बोलता त्या मुलाकडे पाहतात का, त्याच्या उंचीला वाकतात का, हेही दिसतं. आमच्या दुसऱ्या ताई मुलाखतीला आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्याच नाहीत. मुलगी जमिनीवर खेळत होती, त्या तिथेच टेकल्या, आणि आमच्या प्रश्नांची उत्तरं तिथून दिली. त्या आमच्याकडे अडीच वर्षं राहिल्या.

त्यांनाही तुम्हाला प्रश्न विचारू द्या. मुद्दाम म्हणा, ‘तुम्हाला आमच्याबद्दल काय विचारायचंय?’ पगार कधी होणार, जेवणाची सुट्टी किती, त्यांचं स्वतःचं मूल आजारी पडलं तर काय, हे प्रश्न त्यांच्या मनात असतातच.

मग तीन ते पाच दिवसांचं चाचणीचं काम, पूर्ण पैसे देऊन. फुकट चाचणी घेऊ नका. आणि अठरा वर्षांखालच्या मुलीला या कामाला ठेवू नका, कुणीही कितीही गळ घातली तरी.

पायरी ६: ठरलेलं लिहून काढा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत. त्यांत चारपैकी तीन बायका आहेत, आणि दहातले आठ जण कोणत्याही नोंदीशिवाय, संरक्षणाशिवाय काम करतात. याच संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही घराला लागू करता येतात: कामाच्या अटी समजतील अशा भाषेत, शक्यतो लेखी; आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी; पगार ठरावीक काळाने, निदान महिन्यातून एकदा; आणि ओळखपत्रं, कागदपत्रं त्यांच्याच ताब्यात. किमान वेतन आणि रजा यांचे तुमच्या भागातले नियम पाहून घ्या आणि त्याखाली जाऊ नका.

एका पानावर हे लिहा, दोन प्रती काढा, मोठ्याने वाचून दाखवा: कामाचे तास, मधली विश्रांती, कामांची यादी, पगार आणि तारीख, जादा तासाचे पैसे, भरपगारी रजा किती, आजारपणाची रजा, न सांगता खाडा झाला तर काय, उचल मिळेल का आणि किती हप्त्यांत फिटेल, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. सांगण्याची मुदत दोन्ही बाजूंना सारखी ठेवा.

कामांच्या यादीबद्दल विशेष काळजी घ्या. मूल सांभाळायला ठेवलेल्या ताईंकडे हळूहळू वरकाम सरकतं. आधी बाळाचे कपडे, मग घरातले सगळे कपडे, मग ‘जरा तेवढं ओटा आवरा’. प्रत्येक गोष्ट छोटी असते, पण मूल बाथरूमकडे रांगत जातं तेव्हा ताईंचे हात ओट्यावर असतात. मूल जागं असताना फक्त मूल. झोपलं की बाळापुरतं वरकाम, आणि त्यांची अर्धा तास निवांत विश्रांती.

पायरी ७: पहिले पंधरा दिवस

तुमची रजा संपण्याआधी दोन आठवडे ताई यायला लागल्या पाहिजेत. पहिले तीन-चार दिवस तुम्ही घरातच, बाळाचं सगळं तुम्हीच करा, ताई पाहतील. मग ताई करतील, तुम्ही पाहा. मग तासभर बाहेर जा. मग दोन तास, अर्धा दिवस, पूर्ण दिवस. पाळणाघरालाही हाच क्रम.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलांना जवळचं माणूस नजरेआड गेलं की भीती वाटू लागते. बहुतेकांत ती दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान जोरात असते. त्या वयात रुजू होत असाल तर रडणं जास्त दिवस चालेल, त्यात ताईंचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मूल खेळात रमलं की हळूच सटकू नका. मी तसं करायचो, आणि मुलगी इतकी धास्तावली की मी पाणी प्यायला उठलो तरी पायाला बिलगायची. समोर उभं राहून, ‘बाबा ऑफिसला जातोय, अंधार पडला की येणार’ असं रोज त्याच शब्दांत सांगायचं, पापा घ्यायचा, आणि निघायचं. दारातून परत फिरायचं नाही. निघून दहा मिनिटांनी फोन करून विचारा. बहुतेक वेळा मूल शांत झालेलं असतं.

याच दिवसांत सुरक्षेचे नियम बसवायचे. ते आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावले, आणि एकदा ताईंबरोबर घरभर फिरून प्रत्येक जागी समजावले.

बाळाला पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी किंवा मऊ खेळणी न ठेवता, पहिलं वर्षभर. भरलेली बादली मोकळी ठेवायची नाही, चार-पाच सेंटीमीटर पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं. अंघोळ चालू असताना फोन वाजला, दार वाजलं, काहीही झालं तरी उठायचं नाही. गोल आणि कडक काहीही तोंडात द्यायचं नाही. बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय, दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला तर वाट न पाहता डॉक्टर. काढून ठेवलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस. बाळाने अर्धवट पिऊन ठेवलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. साफसफाई करणाऱ्यांसाठी वेगळी ओळ: ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत: बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो, बाळ दगावू शकतं. हे सांगताना आरोपाचा सूर लावू नका. मी ताईंना म्हणालो, ‘रडणं ऐकून माझाही जीव कातावतो. तसं झालं तर तिला पाळण्यात सुरक्षित ठेवा, दुसऱ्या खोलीत दहा मिनिटं बसा, मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन.’ आणि खरोखर उचला. पहिला फोन आला तेव्हा मी उचलला, म्हणून पुढचे आले.

प्रथमोपचाराचा वर्ग तुम्ही दोघं आणि ताई, तिघांनी मिळून करा, फी तुम्ही भरा. घशात काही अडकलं तर एक वर्षाखालच्या बाळाला पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, हे वाचून जमत नाही, हाताला सवय लागते.

पायरी ८: कामं तुकड्यांत देऊ नका, पूर्ण द्या

‘आज काय करू?’ हा प्रश्न रोज सकाळी कुणाला विचारला जातो? आमच्या घरात तो बायकोला, ती पायात चप्पल घालत असताना विचारला जायचा. काम ताई करत होत्या, पण ठरवणं, आठवणं आणि पाहणं तिच्याकडेच होतं. पहिल्या पायरीतले डोक्यातल्या कामाचे चार टप्पे आठवा. चारपैकी तीन अजून तिच्याचकडे.

उपाय दोन. एक, कामाबरोबर ठरवणंही द्या. स्वयंपाकाच्या ताईंबरोबर बसून आठवड्याचं वेळापत्रक एकदा लिहा. त्यात बदल करायची मुभा त्यांना असू दे. संपत आलेलं सामान त्या फळ्यावर लिहितील, ज्याच्याकडे किराणा असेल तो मागवेल. पहिल्या महिन्यात काही चुकेल, काही जादा येईल. सोसा. दर वेळी मध्ये पडलात तर ठरवणं पुन्हा तुमच्याकडे येईल.

दोन, उरलेलं लक्ष नवरा-बायकोत खात्यांसारखं वाटा. आमच्याकडे मुलीचं आरोग्य, ताईंच्या रजा, पगार आणि बदली व्यवस्था माझ्याकडे आहे. कपडे, शाळा आणि किराणा बायकोकडे. ज्याचं खातं त्याचाच नंबर ताईंकडे पहिला. सुरुवातीला ताई सवयीने ‘वहिनींनाच’ फोन करायच्या, पाळणाघरही आईलाच करायचं. मी दोघांनाही सांगितलं आणि अर्जावर पहिला क्रमांक माझा घातला. तरी फोन तिला गेलाच, तर ती ‘त्यांना सांगा’ म्हणून ठेवायची. तिला ते जड जायचं. पण त्यानेच बदल झाला.

रोजची बातमी कळायला दारात एक वही पुरते: झोप, खाणं, शी-शू, औषध, आज नवीन काय. लिहिणं अवघड असेल तर संध्याकाळी दोन मिनिटांचा आवाजी निरोप. निघायच्या घाईतल्या ताईंना उंबऱ्यावर अडवून पंधरा प्रश्न विचारू नका.

पायरी ९: खाड्याची तयारी

खाडा होणारच. तो झाल्यावर सकाळी साडेसातला काय करायचं हे ठरवायला बसलात, की भांडण ठरलेलं. रविवारी शांतपणे तीन नावं लिहा: आज माणूस नाही तर पहिलं कोण, दुसरं कोण, तिसरं कोण. पहिल्या ओळीत आमच्या दोघांपैकी एकजण असतो, आळीपाळीने. मागच्या वेळी कुणी रजा घेतली याची खूण कॅलेंडरवर असते. ज्याचा पगार जास्त किंवा ज्याची मीटिंग मोठी त्याने नेहमी सुटायचं, असं झालं की दुसऱ्याची नोकरी हळूहळू दुय्यम होत जाते. दुसऱ्या ओळीत शेजारचं एक घर आहे, त्यांचं मूल आमच्या मुलीएवढंच. त्यांची ताई नसली की मूल आमच्याकडे, आमची नसली की त्यांच्याकडे. तिसऱ्या ओळीत तासावर घेणारं पाळणाघर, जिथे मुलीला आधी दोनदा नेऊन आणलं होतं. अनोळखी जागी पहिल्यांदा आजारपणाच्या किंवा घाईच्या दिवशी नेऊ नका.

ताईंच्या ठरलेल्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून कॅलेंडरवर घाला. हक्काची रजा मिळते हे माहीत असलं की न सांगता होणारे खाडे कमी होतात, हा माझा तिन्ही वेळचा अनुभव आहे.

पायरी १०: बोलणं, आणि बिघडलं तर

महिन्यातून एकदा वीस मिनिटं ताईंबरोबर बसा, दोघांनीही. आधी त्यांचं ऐका. चूक सांगायची असेल तर त्याच दिवशी, एकांतात, एकच. मुलासमोर त्यांना बोलू नका, मूल ते पाहतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं ऐकत नाही.

घरात कॅमेरा लावायचा असेल तर आधी सांगून लावा, आणि जिथे त्या कपडे बदलतात किंवा विश्रांती घेतात तिथे लावू नका. दिवसभर पडद्याकडे बघत बसण्याने ना काम होतं ना विश्वास बसतो. मूल सलग काही दिवस एखाद्या माणसाला पाहून आक्रसतं, अंगावर न सांगितलेल्या खुणा दिसतात, झोप किंवा खाणं एकदम बदलतं, ताईंच्या सांगण्यात रोज फरक पडतो, तेव्हा मात्र थांबू नका. रजा टाका, मुलाला त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा, दुसरी सोय होईपर्यंत घरी थांबा. मोबाइल दाखवून मूल बसवून ठेवणं हे त्या पातळीचं नाही, पण तेही बोलावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. हा नियम तुम्ही घरी पाळत नसाल तर ताईंकडून पाळला जाणार नाही.

पगारवाढ मागायची वेळ त्यांच्यावर आणू नका. तारीख ठरवा आणि त्या तारखेला द्या.

ताई सोडून जातात तेव्हा मुलाला ते आधी सांगा. आमच्या पहिल्या ताई अचानक गेल्या, निरोप झालाच नाही, आणि मुलगी कित्येक दिवस सकाळी दाराकडे बघत बसायची. दुसऱ्या वेळी आठवडाभर आधी सांगितलं, दोघींचा एक फोटो छापून मुलीच्या पलंगाशी लावला, नव्या ताईंना जुन्या ताईंबरोबर चार दिवस एकत्र ठेवलं आणि दोघींना पूर्ण पैसे दिले. शेवटच्या दिवशी मुलीने जिन्यापर्यंत जाऊन हात हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजल्यावर तिने नव्या ताईंना विचारलं, ‘मावशी गेली ना?’ त्या ‘हो’ म्हणाल्या, आणि तिने त्यांचा हात धरून त्यांना खेळण्यांच्या टोपलीपाशी नेलं.